जुनं सॉफ्टवेअर, पाठीमागचं लॉक आणि नवा कॉम्प्युटर

दांडिया बाजारातल्या एका छापखान्यात माझं गेली पंधरा वर्षं येणं-जाणं आहे. लग्नामुंजीच्या पत्रिका, मंडळांचे वार्षिक अहवाल, आरत्यांची पुस्तकं, एखाद्या निवृत्त मास्तरांच्या आठवणी, असं बडोद्यातल्या मराठी घरांचं पुष्कळ काम तिथून छापून जातं. मालकांना सगळी गल्ली काका म्हणते. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला. "अरे, नवा कॉम्प्युटर घेतला. त्या मुलाने सगळं बसवून दिलं, पण आपलं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर उघडत नाही. म्हणतं, लॉक सापडत नाही. लॉक तर लावलेलंच आहे. गेलं वाटतं ते."

जाऊन पाहिलं. टेबलाखाली छोटा काळा कॉम्प्युटर. त्याच्या यूएसबीतून एक केबल निघालेली, केबलच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस पिनांचा रुंद जोड, आणि त्या जोडावर काडेपेटीएवढं राखाडी लॉक, दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने घट्ट पिळलेले. लॉकवरचं नाव घासून अर्धं पुसलेलं, पण अनुक्रमांक वाचता येत होता. काकांनी हे लॉक २००२ साली सॉफ्टवेअरबरोबर घेतलं होतं. तेव्हा त्या पैशांत एक बरी स्कूटर आली असती, असं ते सांगतात. तेवीस वर्षांत तीन कॉम्प्युटर बदलले, लॉक मात्र तेच.

लॉक गेलेलं नव्हतं. असा फोन आला की दहापैकी आठ वेळा लॉक ठणठणीत असतं आणि बिघाड दुसरीकडेच कुठेतरी असतो. हे दुखणं छापखान्यांपुरतंच नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत धातू तारेने कापणाऱ्या वायरकट मशीनच्या प्रोग्रॅमला असंच लॉक असतं, भरतकामाच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला असतं, हिशेबाच्या जुन्या टॅलीलाही असायचं. सॉफ्टवेअर चांगलं चालत असतं, हात बसलेला असतो, पैसे पूर्ण भरलेले असतात, आणि एक दिवस कॉम्प्युटर बदलला की सगळं अडतं. म्हणून हे प्रकरण मुळापासून सांगतो.

आधी लॉक म्हणजे काय ते. सॉफ्टवेअरची सीडी कुणीही उतरवून घेऊ शकतो. ते थांबवायला सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी सोबत एक वस्तू द्यायला सुरुवात केली: ही वस्तू कॉम्प्युटरला लावलेली असेल तरच प्रोग्रॅम चालेल. इंग्रजीत तिला डोंगल म्हणतात, आपल्याकडे बाजारात सरसकट लॉक. १९८० साली कमोडोर पेट या कॉम्प्युटरवरच्या वर्डक्राफ्ट नावाच्या लेखनाच्या प्रोग्रॅमला असं लॉक होतं. ते कॅसेट लावायच्या जागी बसायचं. सुरुवातीची लॉकं साधी होती, आत दोन-चार तारा इकडून तिकडे जोडलेल्या. एखादा हुशार इलेक्ट्रॉनिक्सवाला तसं दुसरं लॉक तासाभरात करून द्यायचा.

नंतरची लॉकं शहाणी झाली. किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारायचा, तसंच हे. फरक एवढाच की इथे शब्द दर वेळी वेगळा असतो. प्रोग्रॅम लॉकला एक आकडा देतो. लॉकच्या आतली चिप त्या आकड्यावर एक गुप्त हिशेब करते आणि उत्तर परत देते. प्रोग्रॅमला बरोबर उत्तर काय यायला हवं ते ठाऊक असतं. उत्तर जुळलं तर काम पुढे सरकतं, नाही जुळलं तर पाटी येते. हिशेबाची रीत चिपच्या बाहेर कधीच येत नाही, बाहेर येतात फक्त उत्तरं. त्यामुळे लॉकची नक्कल करणं अवघड होतं. शिवाय हा प्रश्न प्रोग्रॅम उघडताना एकदाच विचारला जातो असंही नाही. फाइल सेव्ह करताना, प्रिंट देताना, मध्येच केव्हाही विचारला जातो. काम चालू असताना कुणाचा धक्का लागून लॉक हललं आणि केलेलं पान गेलं, हा अनुभव अक्षरजुळणी करणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आता या सवाल-जवाबात तिघं असतात. एका बाजूला प्रोग्रॅम, दुसऱ्या बाजूला लॉक, आणि मध्ये दुभाष्या. या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. प्रोग्रॅम आणि लॉक दोघेही जसेच्या तसे असले, तरी मधला दुभाष्या नव्या घरात यायला तयार नसेल किंवा मधली वाटच बदललेली असेल तर संवाद होत नाही. पाटी मात्र एकच येते: लॉक सापडत नाही. ही पाटी वाचून लोक लॉकला दोष देतात, तिथेच शोध चुकीच्या दिशेला जातो.

काकांच्या बाबतीत वाट बदलली होती. त्यांचं लॉक पॅरलल पोर्टचं. पूर्वी प्रिंटर ज्या पंचवीस छिद्रांच्या पोर्टला लागायचा तो, एलपीटी१. लॉक त्या पोर्टात खोचायचं आणि लॉकच्या पाठीवर प्रिंटरची केबल लावायची. दोघांचं भांडण होत नसे. ते कसं, हे समजलं की बाकीचं आपोआप कळतं.

त्या पोर्टात आठ तारा माहिती नेण्यासाठी असतात. त्यांवर एक अक्षर मांडलं जातं आणि मग स्ट्रोब नावाच्या वेगळ्या तारेवर एक इशारा जातो: "घे आता." हा इशारा आल्याशिवाय प्रिंटर त्या आठ तारांकडे बघतही नाही. लॉकवाल्यांनी याचाच फायदा घेतला. ते इशारा न देता आठ तारा ठरावीक क्रमाने वर-खाली करतात. प्रिंटर गप्प राहतो, लॉक मात्र तो क्रम ओळखून जागं होतं आणि परतीच्या तारांवर उत्तर देतं. या पोर्टात वेगळा वीजपुरवठा नसतो, म्हणून लॉक लागणारी थोडीशी वीजही याच तारांतून शोषून घेतं. जुन्या लॅपटॉपांचे पोर्ट कमी दाबावर चालायचे, तिथे काही लॉकं चालायची नाहीत, ती याच कारणाने.

आता काकांची ती यूएसबी केबल बघा. तिच्यात एक चिप असते. तिचं काम एकच: कॉम्प्युटरकडून छापायचा मजकूर गठ्ठ्याने घ्यायचा आणि प्रिंटरला एकेक अक्षर द्यायचं, स्ट्रोबचा इशारा स्वतःच्या मनाने देत. एखादी तार आत्ता वर कर, आता खाली कर, आणि समोरून काय आलं ते लगेच सांग, असा हुकूम तिला देताच येत नाही. प्रोग्रॅम तर थेट ३७८ या पत्त्यावर जाऊन हाक मारतो. सोळाच्या पायाने मोजलेला हा पत्ता पॅरलल पोर्टाचा ठरलेला. यूएसबीच्या केबलला तो पत्ताच नसतो. घराचं दार तसंच दिसतं, पण त्या नंबरावर घरच नाही. म्हणून ही केबल प्रिंटरला कामाची, लॉकला निरुपयोगी. दुकानदाराने फसवलं असं मला वाटत नाही, त्यालाही हे ठाऊक नसावं. पण बडोद्यात निदान पाच ठिकाणी मी हीच केबल लॉकला लावलेली पाहिली आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे. ती घेऊ नका.

डेस्कटॉप असेल तर दुसरा उपाय म्हणजे आत बसणारं पॅरलल पोर्टचं कार्ड. त्यात खऱ्या तारा असतात, त्यामुळे ते केबलपेक्षा कितीतरी बरं. अडचण पत्त्याची राहते. नव्या कॉम्प्युटरमध्ये कार्डाला ३७८ मिळेलच असं नाही, सिस्टीम दुसराच कुठला तरी पत्ता देते. प्रोग्रॅम ड्रायव्हरच्या मार्फत बोलत असेल आणि त्या ड्रायव्हरमध्ये पोर्टाचा पत्ता लिहून देण्याची सोय असेल, तर काम होतं. सेंटिनेल नावाच्या लॉकांच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये अशी सोय होती. प्रोग्रॅम थेट ३७८वरच जाणारा असेल, जसे विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातले पुष्कळ होते, तर कार्डाचा उपयोग नाही. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच, पॅरलल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप. ऑफिसांसाठी बनलेल्या डेस्कटॉपांवर हा पोर्ट घरगुती कॉम्प्युटरांपेक्षा बरीच वर्षं जास्त टिकला. सयाजीगंजातल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानांत चौकशी केली तर असा सापडतो.

तसा सापडला तरी एक शेवटची खोच असते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगांत, या पोर्टाच्या तीन-चार चाली असतात: साधी एसपीपी, वेगवान ईपीपी, आणि ईसीपी. पुष्कळ कॉम्प्युटर ईसीपीवर लावलेले येतात, आणि काही लॉकं तिच्यावर बोलत नाहीत. साधी किंवा ईपीपी चाल लावून पाहायची. एवढ्याशा बदलाने बंद पडलेली कामं चालू झालेली मी पाहिली आहेत.

आता दुभाष्याकडे येऊ. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये कुठलाही प्रोग्रॅम सरळ उठून पोर्टाशी बोलू शकत होता. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीने ते बंद केलं. पोर्टाशी बोलायचं तर सिस्टीमच्या गाभ्यात बसलेल्या ड्रायव्हरमार्फतच. म्हणून ९८वर चालणारं सॉफ्टवेअर एक्सपीवर ड्रायव्हर टाकेपर्यंत लॉक ओळखत नसे. खरी भिंत उभी राहिली ती ६४ बिटांच्या, म्हणजे एका घासात जास्त मोठे आकडे हाताळणाऱ्या नव्या पिढीच्या, विंडोजमध्ये. तिच्या गाभ्यात ३२ बिटांचा ड्रायव्हर बसतच नाही. प्रोग्रॅम ३२ बिटांचा असला तरी चालेल, त्याला सांभाळून घेण्याची सोय आहे, पण ड्रायव्हर मात्र ६४चाच लागतो. त्याच्यावर डिजिटल सहीही लागते. विंडोज १० मध्ये २०१६ नंतर हा नियम आणखी कडक झाला, आणि ज्या कंपनीने २००५ मध्ये दुकान बंद केलं ती आता सही कुठून आणणार?

आणि १६ बिटांचे प्रोग्रॅम, म्हणजे विंडोज ३.१च्या पिढीचे आणि डॉसचे, ते ६४ बिटांच्या विंडोजवर अजिबात चालत नाहीत. त्यांना चालवणारा भागच तिथे नाही. विंडोज १०ची ३२ बिटांची आवृत्ती होती, तिच्यात तो भाग चालू करता यायचा. विंडोज ११, जी ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, ती फक्त ६४ बिटांचीच आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून आता दुकानातून येणारा प्रत्येक नवा कॉम्प्युटर ११ घेऊनच येतो, आणि माझ्याकडचे फोन वाढले आहेत ते यामुळेच. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा: कधीकधी सॉफ्टवेअर ३२ बिटांचं असतं, फक्त त्याचा सेटअप १६ बिटांचा असतो. सेटअप चालत नाही म्हणून सॉफ्टवेअरच चालणार नाही असं धरून बसू नका. जुन्या कॉम्प्युटरवरून बसवलेला फोल्डर आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या, नोंदी उचलून आणल्या तर ते कधीकधी चालू होतं.

यूएसबी लॉक असेल तर तुम्ही नशीबवान. वाट शाबूत आहे, फक्त दुभाष्या नवा हवा. पण तो शोधायचा कुठे? लॉकवर छापलेल्या कंपनीचं नाव आज सापडत नाही, म्हणून लोक हात टेकतात. सेंटिनेल बनवणारी रेनबो २००४ मध्ये सेफनेटमध्ये गेली. हॅस्प लॉकं बनवणारी इस्रायलची अलादीन २००९ मध्ये सेफनेटच्याच मालकांनी घेतली आणि पुढे सेफनेटमध्ये मिळवली. सेफनेट पुढे जेमाल्टोकडे गेली, आणि २०१९ मध्ये जेमाल्टो थेल्सकडे. म्हणजे लॉकवर अलादीन लिहिलेलं असो की रेनबो, आज ड्रायव्हर थेल्सच्या साइटवर शोधायचा. विबू ही जर्मन कंपनी मात्र अजून स्वतःच्याच नावाने उभी आहे. लॉकवरचं नाव पुसलं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या तपशिलात बनवणाऱ्याचा क्रमांक असतो. ०५२९ दिसला तर लॉक अलादीनचं.

ड्रायव्हर आधी टाकायचा, लॉक नंतर खोचायचं. हा क्रम उलटला की विंडोज स्वतःच्या मनाने काहीतरी भलतंच चिकटवते आणि मग ते काढणं त्रासाचं होतं. बऱ्याच यूएसबी लॉकांत बारीक दिवा असतो. ड्रायव्हरने लॉक ओळखलं की तो लागतो. दिवा लागलेला असेल आणि प्रोग्रॅम तरीही रडत असेल, तर दोष लॉकात नाही आणि पोर्टातही नाही, प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये आहे. हॅस्पच्या नव्या ड्रायव्हरबरोबर एक सोय येते: ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहून पुढे १९४७ हा पोर्ट क्रमांक दिला की एक पान उघडतं आणि कॉम्प्युटरने ओळखलेल्या लॉकांची यादी दिसते. मी कुठेही गेलो की पहिली तपासणी हीच करतो.

विंडोज ११वर आणखी एक खोडा असतो. सुरक्षिततेच्या सेटिंगमध्ये कोअर आयसोलेशन नावाच्या सदरात मेमरी इंटिग्रिटी असते. ती चालू असेल तर लॉकांचे काही जुने ड्रायव्हर ती चढूच देत नाही. ती बंद करा असं मी सहसा सांगत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं त्याच्यावर तर नाहीच. आधी नवा ड्रायव्हर मिळतो का ते बघावं. आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर घरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने काम करणाऱ्यांसाठी सूचना: पुष्कळ लॉकं अशा सत्रात मुद्दामच बोलत नाहीत. तिथे बिघाड शोधत बसू नका. पडदा जसाच्या तसा दाखवणारं दुसरं सॉफ्टवेअर वापरलं तर ते बहुधा चालतं.

आता माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर मांडायचा. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर टाकलं की विंडोज ११च्या एका खिडकीत विंडोज एक्सपी चालू करता येते. यूएसबी लॉक त्या खिडकीच्या हवाली करता येतं. मग बाहेरच्या ११ला त्या लॉकचा ड्रायव्हर असण्याची गरजच उरत नाही. जुना प्रोग्रॅम, जुना ड्रायव्हर आणि जुनी विंडोज, तिघं आपल्या जुन्या घरात सुखाने नांदतात. हा सगळा संसार एका मोठ्या फाइलमध्ये असतो. ती फाइल उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवली की झाला बॅकअप, उद्या कॉम्प्युटर जळाला तरी फाइल दुसऱ्यावर उघडायची. जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्समधल्या डिस्कटूव्हीएचडी या छोट्या प्रोग्रॅमने त्याची डिस्क अशा फाइलमध्ये उतरवता येते. मग एक्सपी नव्या यंत्रावर आल्यासारखं समजून पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकते, त्याची तयारी ठेवावी. पॅरलल लॉक मात्र खिडकीतून पोहोचवणं किचकट आहे, आणि मूळ पोर्ट नसेल तर अशक्यच. काही प्रोग्रॅम आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून चालायला नकार देतात. पण यूएसबी लॉकवाल्यांनी आधी हेच करून पाहावं.

अशी एक्सपी इंटरनेटला जोडू नये. तिचा आधार ८ एप्रिल २०१४लाच संपला आहे. पेनड्राइव्ह लावतानाही आधी नव्या कॉम्प्युटरवर तपासून घ्यावा.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात वेगळीच गंमत निघाली. वायरकटचा डॉसमधला प्रोग्रॅम थोड्या नव्या कॉम्प्युटरवर टाकल्याबरोबर "रनटाइम एरर २००" म्हणून बंद पडायचा. सगळे लॉक तपासत बसले होते. लॉकचा काही संबंध नव्हता. प्रोग्रॅम टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहायच्या जुन्या साधनात लिहिलेला. टर्बो पास्कलचा एक भाग सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजतो, आणि साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले तेव्हा ते मोजमाप इतक्या झटकन संपायला लागलं की हिशेबात शून्याने भागण्याची वेळ आली. म्हणजे कॉम्प्युटर फार वेगवान झाला म्हणून प्रोग्रॅम मेला. या दोषावर इलाज करणारी छोटी दुरुस्ती कित्येक वर्षांपूर्वीपासून उपलब्ध आहे, आणि तिने तो चालू झाला. पाटी नीट वाचली पाहिजे, एवढंच मी तिथे सांगितलं.

यानंतर प्रत्येक जण हळूच विचारतो: "ते लॉकच काढून टाकणारं काहीतरी मिळतं म्हणे?" मिळतं. लॉकची सोंगं घेणारे प्रोग्रॅम असतात, एम्युलेटर म्हणतात त्यांना. आपला कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्रॅम रीतसर आहे त्याला, तो ज्या कामासाठी घेतला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून, आणि नुकसानीपासून बचाव म्हणून, प्रत करण्याची मुभा आहे. २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं संरक्षण भेदणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कलमात कायद्याने मना न केलेल्या कामासाठी सूट आहे, पण ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर त्या माणसाने कुणासाठी आणि कशासाठी केलं याची पूर्ण नोंद ठेवायची आहे. अमेरिकेत तर २००३, २००६ आणि २०१० मध्ये नियमांतच लिहून दिलं होतं की लॉक बिघडलेलं असेल आणि ते आता मिळत नसेल, तर ते ओलांडायला हरकत नाही. मला स्वतःला हे न्याय्य वाटतं. माणसाने पूर्ण किंमत मोजली आहे, आणि विकणारा उरलेला नाही. पण नेटवरून उतरवलेली एम्युलेटरं सिस्टीमच्या गाभ्यात बसतात, आणि त्यांच्या पोटात आणखी काय आहे ते कुणालाच कळत नाही. जिथे जीएसटीचा हिशेब आणि बँकेचे पासवर्ड आहेत त्या कॉम्प्युटरवर अनोळखी माणसाला तिजोरीच्या खोलीत झोपायला जागा देऊ नका. आधी मूळ कंपनीला पत्र लिहा, बिलाची प्रत जोडा, लॉकचा फोटो जोडा. पुष्कळ कंपन्या जुनं पॅरलल लॉक परत घेऊन यूएसबीचं देतात, थोडे पैसे घेतात. विचारलंच नाही तर ते कळणार कसं?

पण छापखान्यांपुरतं बोलायचं तर लॉकपेक्षा मोठा धोका दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि त्याची काळजी मला जास्त वाटते.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं अक्षरजुळणीवाल्यांना घरच्यासारखी. त्याहीआधी जिस्ट कार्ड होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेत वाढलेलं हे कार्ड कॉम्प्युटरच्या आत बसायचं आणि डॉसच्या पडद्यावर देवनागरी दाखवायचं. या सगळ्यांनी मराठी कॉम्प्युटरवर आणली, हे ऋण मोठं आहे. पण त्या काळातल्या बहुतेक फॉन्टांनी देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवल्या, आणि प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. इंग्रजी अक्षरांची रांग असते आणि फॉन्ट तिच्यावर मराठी रूप चढवतो. फॉन्ट गेला की उरतं ते अगम्य.

एक शब्द जवळून बघा: "धर्म". युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत, हा शब्द बोलतो तसा साठवला जातो: ध, मग र, हलन्त, मग म. रफार म-च्या डोक्यावर काढायचा हे पडद्यावर दाखवताना ठरतं. जुन्या फॉन्टात तो दिसतो तसा साठवलेला: ध, मग म, मग डोक्यावर रफाराची आकृती. "किती" लिहिताना जुन्या फॉन्टात आधी वेलांटी आणि मग क, युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला ही सगळी उलटापालट अक्षरागणिक सरळ करावी लागते. "कीर्ती", "निर्मिती" अशा शब्दांत वेलांटी आणि रफार एकत्र आले की तो हमखास चुकतो. म्हणून रूपांतर झाल्यावर माणसाने वाचून बघावंच लागतं, आणि वाचणारा मराठीचा जाणकार हवा.

त्यामुळे लॉक चालू झालं की पहिलं काम नवी पत्रिका जुळवणं हे नाही. पहिलं काम: जुन्या प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवणं, फॉन्ट आत बांधून. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर बसवून फाइलमध्ये प्रिंट द्यायची आणि घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ करायची, हा रस्ता एक्सपीवर आजही चालतो. पीडीएफ कुठल्याही फोनवर उघडते. तिला लॉक लागत नाही. मग सवडीने मजकूर युनिकोडमध्ये. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींची तर घाई करायला हवी, कारण त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६पर्यंतच्याच आवृत्त्या पेजमेकर ६ आणि पुढच्या फाइली उघडत होत्या.

घाई म्हणतो त्याला कारण आहे. २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा अकोट्याकडच्या एका ओळखीच्यांचं ऑफिस दीड दिवस पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर त्यांनी चिखलातून लॉक शोधून काढलं, धुतलं, उन्हात वाळवलं. लॉक चाललं. डिस्क चालली नाही. तेवीस वर्षांच्या फाइली त्या एकाच डिस्कवर होत्या. आज त्यांच्याकडे काम करणारं लॉक आहे आणि उघडायला काही नाही.

काकांना मी हे सांगितलं आणि मग आम्ही कामाला लागलो. सयाजीगंजातून मदरबोर्डवर पॅरलल पोर्ट असलेला एक जुना डेस्कटॉप आणला. त्यांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून आधी तिची पूर्ण प्रत केली, मूळ डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवली. एक्सपी टाकली, ड्रायव्हर टाकला, सॉफ्टवेअर टाकलं. लॉक सापडत नाही, पुन्हा तीच पाटी. काकांचा चेहरा उतरला. बायोसमध्ये जाऊन ईसीपीचं ईपीपी केलं, पुन्हा चालू केलं. पडदा उघडला आणि १९९८च्या एका गणेशोत्सव मंडळाची वर्गणीची पावती समोर आली. ती फाइल काकांनी पूर्वीच्या सॉफ्टवेअरमधून या सॉफ्टवेअरमध्ये आणली होती. काका काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी तासभर ते पीडीएफ करतात. लाल पुठ्ठ्याची एक वही केली आहे. डावीकडे सीडीचा नंबर, मधे फाइलीचं नाव, उजवीकडे बरोबरची खूण. ज्या सीडी वाचल्या गेल्या नाहीत त्यांच्यापुढे पेन्सिलीने गोल. परवा गेलो तेव्हा वहीत सहा गोल होते, आणि शेल्फवर अजून एक्केचाळीस सीडी बाकी होत्या.